पत्ता वाचावा उलटा!

काय दोस्तांनो, चाचणी परीक्षा संपली का? संपली असेल तरी वही-पेन इतक्यात दप्तरात टाकू नका, आज लागणार आहे. आज आपल्याला एक पत्ता वाचायचा आहे.

‘हॅ! पत्ता काय वाचायचा? तो तर चौथीतल्या पोरालाही येतो,’ असं म्हणणार असाल, तर जरा थांबा. माझ्या भाच्यालाही असंच वाटत होतं.

भाचा आमचा सिडकोत राहतो, एन-७ला. दहावीच्या निकालाचा दिवस होता. दुपारी एक वाजता निकाल लागणार म्हणून साहेब अकरापासूनच ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, मोबाइल घेऊन बसलेले. एक वाजला, सव्वा झाला, तरी निकालाचं पान काही उघडेना. उघडणार कसं? राज्यभरातली लाखो पोरं एकाच दारात उभी! तेवढ्यात मोबाइलवर एक निरोप आला : ‘गर्दी टाळा, निकाल लगेच पाहा. शुल्क फक्त १० रुपये.’ खाली एक पत्ता. भाच्यानं पत्ता नीट वाचला बरं का! सुरुवात अगदी ओळखीची होती, शाळेत सरांनी फळ्यावर लिहून दिली होती तश्शीच. मग काय, ताईच्या कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला. दहा रुपये जाणार होते, गेले ४,८००. अकरावीच्या प्रवेशासाठी ताईनं बाजूला ठेवलेले.

निकाल संध्याकाळी कळला. ८४ टक्के! घरात पेढे वाटले गेले आणि पठ्ठ्या पेढा हातात धरून नुसता बसून राहिला. ताईला वाटलं, ९० टक्के पडले नाहीत म्हणून रुसलाय. दोन दिवसांनी त्यानं मला फोन केला. “मामा, एक सांगायचंय. पण आधी शप्पथ घे, आईला सांगणार नाहीस.”

सगळं ऐकून घेतल्यावर मी एकच प्रश्न विचारला, “पत्ता कुठून वाचलास?”

“कुठून म्हणजे? डावीकडून. सगळे तसंच वाचतात ना?”

तिथंच तर गोम आहे, दोस्तांनो!

पोस्टमनकाका कुठून वाचतात?

आता वही घ्या आणि एका पाकिटावर घालतात तसा आपला पत्ता लिहा. आधी नाव, मग घर नंबर, गल्ली किंवा कॉलनी, मग छत्रपती संभाजीनगर, आणि शेवटी पिनकोड ४३१००१ किंवा तुमच्या भागाचा जो असेल तो. म्हणजे आपण लिहितो लहानाकडून मोठ्याकडे. पण मुंबईच्या किंवा नागपूरच्या टपाल कार्यालयात बसलेला माणूस तुमचं नाव आधी वाचतो का? छे! त्याला तुमच्या नावाशी काय देणंघेणं? तो सरळ तळाशी जातो आणि पिनकोड बघतो.

हा पिनकोड आपल्या टपाल खात्यानं १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केला. त्यामागचं डोकं एका मराठी माणसाचं : श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात मोठे अधिकारी, आणि शिवाय संस्कृतचे कवी! ही भानगड त्यांना का करावी लागली? एक तर लोक पत्ते नाना लिप्यांत लिहीत. दुसरं म्हणजे, आपल्या देशात एकाच नावाची गावं ढिगानं.

लांब कशाला जायचं, आपल्याच शहराचं बघा. २०२३मध्ये आपलं शहर अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. त्याआधी सरकारी कागदावर ते होतं औरंगाबाद. आणि औरंगाबाद नावाचा एक आख्खा जिल्हा बिहारमध्येही आहे. पाकिटावर नुसतं ‘औरंगाबाद’ लिहिलं, तर पत्र मराठवाड्यात टाकायचं की बिहारमध्ये? उत्तर तळाशी. ४३१००१ असेल तर आपलं, ८२४१०१ असेल तर बिहारचं. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा; ८ म्हणजे बिहार आणि झारखंड. पहिल्याच आकड्यात अर्धा देश गाळला जातो.

बस्स! इंटरनेटवरच्या पत्त्याचंही गणित हेच. फक्त पाकिटावर मोठी गोष्ट तळाशी असते, इथं ती उजवीकडे असते.

टिंबाटिंबानं मोठं होत जाणं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे पत्ते मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे असतात. इथं मी ते आपण एकमेकांना तोंडी सांगतो तसे लिहितोय. इंग्रजीत करून बघणं हा तुमचा गृहपाठ.

बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता असा :

औरंगाबाद.बीआयएच.एनआयसी.इन

आणि आपल्या जिल्ह्याचा बरीच वर्षं असा होता :

औरंगाबाद.जीओव्ही.इन

डावीकडून वाचलं तर दोन्ही सारखेच वाटतात की नाही? आता उजवीकडून वाचा. ‘इन’ म्हणजे इंडिया, आपला देश. इंग्लंडचं ‘यूके’, जपानचं ‘जेपी’, नेपाळचं ‘एनपी’, तसं आपलं ‘इन’. एक टिंब ओलांडून डावीकडे या. एकात ‘जीओव्ही’ आहे, म्हणजे सरकार. दुसऱ्यात ‘एनआयसी’ आहे, म्हणजे सरकारी संगणकांचं काम पाहणारं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. आणखी एक टिंब ओलांडलं की दुसऱ्या पत्त्यात येतं ‘बीआयएच’, म्हणजे बिहार. आणि मग कुठे औरंगाबाद. देश, खातं, राज्य, जिल्हा! प्रत्येक टिंबाला आपण एक दार उघडून आत जातोय. आपल्या बावन्न दरवाजांच्या शहरातल्या पोरांना हे वेगळं सांगायला नकोच.

आपल्या विद्यापीठाचं बघा : बीएएमयू.एसी.इन. उजवीकडून ‘इन’, मग ‘एसी’ म्हणजे उच्च शिक्षण देणाऱ्या संस्था, मग ‘बीएएमयू’. हे संस्थेचं इंग्रजी लघुरूप. १९५८ साली स्थापन झालं तेव्हा ते नुसतं मराठवाडा विद्यापीठ होतं, १९९४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव पत्त्यात असं दोन अक्षरांत येऊन बसलंय.

आता महत्त्वाचं. ‘जीओव्ही.इन’ किंवा ‘एसी.इन’ असलेला पत्ता कुणीही उठून विकत घेऊ शकत नाही. तुम्ही सरकार आहात किंवा तशी शिक्षणसंस्था आहात, हे आधी दाखवावं लागतं. ‘कॉम’चं तसं नाही. पैसे भरा, नाव मोकळं असेल तर ते वर्षाच्या बोलीनं तुमचं. म्हणून काही सगळे ‘कॉम’ लबाड नसतात हं! पण ‘कॉम’ असला की आत कोण बसलंय, ते आपणच तपासायचं.

हे सगळं ठरवलं कुणी?

फार पूर्वी, म्हणजे इंटरनेटचं बाळसं धरणं चालू होतं तेव्हा, जगभरच्या संगणकांची नावं एकाच यादीत होती. ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि एलिझाबेथ फाइनलर या बाईंची तुकडी ती सांभाळत असे. नवीन संगणक आला की यादीत नाव चढवायचं आणि बाकीच्यांनी यादीची नवी प्रत उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी यादी आवरेना. मग १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी तोडगा काढला. एकानंच सगळी यादी सांभाळायची नाही. ‘इन’वाल्यानं फक्त आपल्या हाताखालच्यांची माहिती ठेवायची, त्यांनी त्यांच्या हाताखालच्यांची. तहसीलदाराला तालुक्यातली गावं माहीत, गावातली घरं ग्रामसेवकाला माहीत, तसंच.

आपलं ‘इन’ १९८९मध्ये आलं आणि सुरुवातीला त्याचा कारभार चालायचा मुंबईतून! जुहूला राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतं, तिथून. २००५पासून ते काम निक्सी ही संस्था पाहते. तुम्हाआम्हा सामान्यांसाठी भारतात इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पिनकोडचा वाढदिवस आणि इंटरनेटचा वाढदिवस एकच निघाला की नाही!

संगणकाला मात्र नावं कळत नाहीत, त्याला लागतात आकडे. ० ते २५५ मधले चार आकडे, मध्ये टिंबं, असा त्याचा जुना पिनकोड. यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात, आणि तेही पुरेनात म्हणून आता याहून लांब आकडे वापरात आलेत. तुम्ही नाव टाइप केलं की संगणक गुपचूप विचारपूस करतो, “अहो, या नावाचा आकडा काय?” उत्तर मिळालं की तो तुम्हाला तिथं घेऊन जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

तिरकी रेघ आली, दिशा बदलली

आता एक गंमत. पूर्ण पत्ता तुम्ही पाहिला असेल. सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’, मग दोन टिंबं एकावर एक, मग दोन तिरक्या रेघा. हा झाला प्रवासाचा प्रकार. शेवटचा ‘एस’ म्हणजे तुमचं बोलणं वाटेत कुणाला ऐकू जाणार नाही, असं कुलूपबंद. पण लक्षात ठेवा, कुलूप फक्त वाटेला असतं. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरही कुलूप लावतोच की!

त्या दोन रेघांनंतर येतो आपण वाचला तो टिंबांचा भाग. आणि मग येते एकटी तिरकी रेघ. ती आली की घराचा उंबरठा आला असं समजा. तिथून पुढं डावीकडून उजवीकडे वाचायचं : आधी खोली, मग कपाट, मग कप्पा, मग वही. समजा, विद्यापीठाच्या पत्त्यापुढं ‘/परीक्षा/२०२५/वेळापत्रक’ असं आलं, तर विद्यापीठाच्या घरात परीक्षेची खोली, त्यात २०२५चं कपाट, त्यात वेळापत्रकाचा कागद. पुढं प्रश्नचिन्ह दिसलं, तर तिथून आतल्या माणसाला दिलेली चिठ्ठी सुरू होते. यूट्यूबच्या पत्त्यात ‘वॉच’नंतर प्रश्नचिन्ह आणि मग ११ अक्षरांचा गोंधळ दिसतो ना? ती चिठ्ठी : ‘मला हा व्हिडिओ दाखवा.’

म्हणजे एकाच पत्त्यात अर्धा भाग उजवीकडून डावीकडे आणि अर्धा डावीकडून उजवीकडे! गोंधळ उडतो ना? मग ऐका. ज्यांनी हे वेबचं जाळं १९८९नंतर जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत विणलं, त्या टिम बर्नर्स-ली यांनीच पुढं कबूल केलंय की, त्या दोन तिरक्या रेघांची गरज नव्हती, आणि पुन्हा करायचं झालं तर टिंबांचा भागही मोठ्याकडून लहानाकडे लिहिला असता. इंग्लंडातल्या विद्यापीठांनी तर काही वर्षं देश आधी आणि विभाग शेवटी असे पत्ते खरोखर वापरले होते. पण जग दुसरीकडे गेलं, मग त्यांनाही बदलावं लागलं. तेव्हा, पत्ता चुकीच्या बाजूनं वाचला म्हणून स्वतःला ढ समजू नका.

भाच्याला फसवणारा पत्ता

दहावीचा निकाल अनेक वर्षं या पत्त्यावर लागायचा :

महरिझल्ट.एनआयसी.इन

आणि भाच्याला आलेला पत्ता साधारण असा होता. नाव मी बदललंय, उगीच टाइप करून बघू नका :

महरिझल्ट.एनआयसी.इन.झटपटनिकाल.कॉम/दहावी

डावीकडून वाचा. सगळं बरोबर! आता पहिल्या एकट्या तिरक्या रेघेवर बोट ठेवा आणि उलटे या. ‘कॉम’. मग ‘झटपटनिकाल’. थांबा! घराचा मालक सापडला. हे घर एनआयसीचं नाही, बोर्डाचंही नाही, कुणा झटपटरावांचं आहे. त्याच्या डावीकडं जे काही आहे, ते त्यानं आपल्या घरात आपल्या हातानं लावलेल्या पाट्या. गुलमंडीवरच्या एखाद्या दुकानदारानं माडीवरच्या खोलीला ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ अशी पाटी लावली, तर तिथं जिल्हाधिकारी येऊन बसतील का?

म्हणून नियम पाठच करा. एक : पहिली एकटी तिरकी रेघ शोधा, नसेल तर पत्त्याच्या टोकाला जा. दोन : तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. तीन : ‘कॉम’ किंवा ‘इन’च्या डावीकडचं पहिलं नाव हा मालक. ‘जीओव्ही.इन’, ‘एसी.इन’, ‘को.इन’ असं जोडनाव असेल तर ते दोन्ही मिळून एक धरा आणि त्याच्या डावीकडचं नाव पाहा.

आणखी दोन खोड्या. टिंबाऐवजी आडवी रेघ असली, तर ते वेगळं घर. ‘एनआयसी.इन’ निराळं आणि ‘महरिझल्ट-एनआयसी.इन’ निराळं. दुसऱ्यात मालकाचं आख्खं नावच ‘महरिझल्ट-एनआयसी’ आहे. तसंच सारखी दिसणारी अक्षरं. लहानपणी ‘ख’ आणि ‘रव’ यांत घोटाळा व्हायचा ना? आपल्या शहराचं मलिक अंबरच्या काळातलं नाव खडकी, ते सुटं लिहिलं तर ‘रवडकी’ वाचता येतं. इंग्रजीतही लहान ‘एल’ आणि आकडा १ असेच जुळे भाऊ. ‘आर’ आणि ‘एन’ चिकटले तर ‘एम’ भासतो. तेव्हा डोळे बारीक करून वाचा. आणि कापून छोटा केलेला पत्ता आला, ज्यातून मालक कळतच नाही, तर पैशाच्या कामाला तो उघडायचाच नाही. खरा पत्ता आपल्या हातानं टाइप करायचा.

जाता जाता एक चांगली बातमी. २०१४पासून देवनागरीतही पत्ता घेता येतो, शेवटी ‘.भारत’ असलेला. तोही उजवीकडूनच वाचायचा बरं का.

मग पुढं काय झालं?

मी शप्पथ घेतली नाही. भाच्याला म्हटलं, “आत्ता फोन ठेव, आईला सांग. तुझ्याच्यानं होत नसेल तर मी येतो.” संध्याकाळी गेलो. त्यानंच सांगितलं, मान खाली घालून. ताई चिडली, पण पैशावरून कमी. “अरे, दोन दिवस एकटाच झुरत बसलास? पेढा नाही खाल्लास, तेव्हाच सांगायचं होतंस!” असं म्हणून तीच रडायला लागली.

मग आम्ही १९३० या क्रमांकावर फोन केला. ऑनलाइन पैसे चोरीला गेले की देशात कुठूनही हाच नंबर लावायचा. तक्रार घेतली गेली. पण दोन दिवस उलटले होते. पैसे लगेच कळवले तर वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ते या खात्यातून त्या खात्यात, तिथून तिसऱ्यात जातात. आमचे ४,८०० काही परत आले नाहीत. ताईनं प्रवेशाचे पैसे माझ्याकडून घेतले आणि दोन महिन्यांत फेडलेही.

म्हणून सांगतो दोस्तांनो, फसलात तर लाजू नका, लपवू नका. चोर तुमच्या लाजेवरच तर जगतो. पहिल्या पाच मिनिटांत घरातल्या मोठ्या माणसाला सांगा.

आता भाच्याला घरात नवं काम मिळालंय. ताईच्या मोबाइलवर कसलाही पत्ता आला की ती ओरडते, “अरे, जरा इकडे ये, हे उलटं वाचून दे!” परवा त्यानं वीजबिलाचा एक बनावट निरोप पकडला. त्या आनंदात ताईनं पाव किलो पेढे आणले. या वेळी त्यानं खाल्ले. चार!

डोकं चालवा

खालच्या प्रत्येक पत्त्याचा मालक कोण? दुसरा आणि तिसरा मी बनवलेला आहे.

१. बीएएमयू.एसी.इन/परीक्षा
२. बीएएमयू.एसी.इन.प्रवेशफॉर्म.कॉम
३. बीएएमयू-एसी.इन/निकाल
४. रिझल्ट्स.डिजिलॉकर.जीओव्ही.इन

आणि एक शोधकाम : आपल्या जिल्ह्याचं आजचं सरकारी संकेतस्थळ शोधा, त्याचा पत्ता वहीत इंग्रजीत लिहा आणि प्रत्येक टिंबापाशी काय बदलतं, ते घरात कुणाला तरी समजावून सांगा. आजी असेल तर उत्तम, तिला सांगता आलं म्हणजे तुम्हाला नक्की कळलं.

उत्तरं : १. विद्यापीठ. २. ‘प्रवेशफॉर्म’ नावाचा कुणीतरी, विद्यापीठ नव्हे. ३. ‘बीएएमयू-एसी’ नावाचा कुणीतरी. आडव्या रेघेनं घात केला! ४. सरकारचं डिजिलॉकर.

चारपैकी चार आली? शाब्बास! बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात.